कोपऱ्यावरची सायकल

आमच्या गावातल्या ख्रिस्ती लोकांमध्ये देवावरून कधी भांडण झालं नाही. भांडण झालं ते पाण्यावरून, आणि तेही पाटाच्या पाण्यावरून नाही. बाप्तिस्म्याला पाणी किती लागतं, यावरून. पाळकसाहेबांच्या ओंजळीत मावेल एवढं पुरतं, की अख्खा माणूस बुडेल एवढं हवं? बाहेरच्या माणसाला हसू येईल. एके काळी मलाही यायचं. वर्गातली पोरं पाण्याच्या बाटलीवरून भांडतात, त्यातलाच हा प्रकार, असं मी मैत्रिणींना सांगायचे. आता मी तसं सांगत नाही.

आमचं गाव श्रीरामपूर आणि कोल्हारच्या मधलं. चारी बाजूंनी ऊस, मधून पाट आणि पाटाच्या अलीकडे आमची वस्ती. घरापासून चर्च हाकेच्या अंतरावर. पप्पा मंडळीचे पंच होते, म्हणजे चर्चच्या कारभारात ज्यांचा शब्द चालतो त्या चार-पाच जाणत्यांपैकी एक. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी मिळून ब्रेडचा तुकडा आणि द्राक्षाचा रस घ्यायचा. त्याची तयारी पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घरात होत आली आहे. आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, आई काळ्या मनुका उकळायची आणि पांढऱ्या फडक्यातून त्यांचा रस गाळायची. पप्पा हात कोपरापर्यंत धुऊन लाकडी पाटावर बसायचे, ब्रेडच्या कडा कापायचे आणि उरलेल्या पांढऱ्या भागाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. कडा आम्हाला मिळायच्या. त्या तुपात तळून साखर भुरभुरवून खाताना आम्हाला फार पवित्र वाटायचं.

या कामात दुसरे हात असायचे मोठ्या बाबांचे. मोठे बाबा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. आजोबा लवकर गेले, तेव्हा पप्पा झोळीत होते. त्यांना टॉवेलात गुंडाळून बाप्तिस्म्यासाठी चर्चमध्ये नेलं ते मोठ्या बाबांनीच. ते स्वतः तेव्हा पोरसवदाच होते. पुढे बोर्डिंगमध्ये पप्पांना सोडायला गेले तेही तेच, आणि सुट्टीत आणायला गेले तेही तेच. शनिवारी दुपारी त्यांची सायकल कोपऱ्यावर वळायची, दोनदा घंटी वाजायची आणि आई गॅसवर चहा ठेवायची. मोठे बाबा आत आल्या आल्या म्हणायचे, “काय पंच, सुरीला धार हाय का?” मग दोघं भाऊ समोरासमोर बसून हलक्या आवाजात गीत म्हणत तुकडे करायचे.

मग तालुक्याला एक नवी संगती, म्हणजे वेगळी प्रार्थनामंडळी, सुरू झाली. भाड्याच्या हॉलमध्ये, गिटार-बिटार घेऊन. मोठ्या आईचं, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोचं, दुखणं तिथल्या प्रार्थनेनं बरं झालं, असं दोघांचं म्हणणं होतं. मोठे बाबा तिकडे जाऊ लागले. त्याचं पप्पांना फारसं काही वाटलं नाही. पण एक दिवस कळलं की मोठ्या बाबांनी कोल्हारला प्रवरेत उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. बुडी मारून. साठीच्या घरात आलेला माणूस, पांढरा सदरा घालून, कंबरभर पाण्यात.

त्या दिवशी पप्पांना मी पहिल्यांदा इतकं चिडलेलं पाहिलं. तेव्हा मी डी.एड. करत होते, मला वाटलं म्हातारे उगाच तापतात. आई म्हणाली, “अगं, त्यांचं दुःख वेगळं आहे. ज्याने यांना उचलून नेलं तोच आता म्हणतोय की ते पाणी खोटं होतं.” रविवारी उपासना संपल्यावर, सूचना वाचून झाल्यावर, पप्पा उभे राहिले. त्यांनी काही लांबण लावली नाही. “मंडळीला कळावं,” ते म्हणाले, “आजपासून मला भाऊ न्हाई.” आणि खाली बसले. मोठे बाबा तिथे नव्हते. पण आमच्या गावात बोललेली गोष्ट बोलणाऱ्याच्या आधी घरी पोचते.

त्यानंतर आला पहिला रविवार. आमच्याकडे प्रभुभोजनाआधी पाळकसाहेब दर वेळी एक इशारा देतात. कुणाच्या मनात भावाविषयी काही असेल, तर आधी उठून जावं, भावाशी समेट करावा, मग या मेजापाशी यावं. तसं न करता जो खातो-पितो, तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते वाचन चालू असताना लोक चष्मे पुसायचे. पंच सगळ्यात मागच्या बाकावर, भिंतीला पाठ लावून बसतात. मंडळीला ताटं फिरवायची आणि शेवटी स्वतः घ्यायचं, असा रिवाज.

त्या दिवशी घरी आल्यावर पप्पा जेवले नाहीत. संध्याकाळी आईला त्यांनी जे सांगितलं ते आईने मला खूप नंतर सांगितलं. वाचन चालू असताना त्यांच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवला आणि कानात म्हटलं, “जा.” नुसतं तेवढंच. त्यांनी वळून पाहिलं, तर मागे भिंत.

आई म्हणाली, “मग जा की. दोन गल्ल्या तर जायचंय.”

“ऊस तुटू दे,” पप्पा म्हणाले.

ऊस तुटला. मग म्हणाले नाताळ होऊ दे. नाताळही झाला. मग म्हणाले, “त्यो थोरला हाय, त्यानं यावं.” आई तोंडाने फटकळ होती, मी तिच्यावरच गेले आहे. ती म्हणाली, “देवाने जा म्हणून सांगितलं तुम्हाला, आणि चालायला लावताय भावाला.” पप्पा उठून गोठ्यात गेले.

पण पप्पा खोटे नव्हते, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला. दुसरा कुणी असता तर भांडण पोटात ठेवून खुशाल ब्रेड खाल्ला असता, आणि अशी माणसं आमच्या मंडळीत काही कमी नव्हती. पप्पांनी तो इशारा अक्षरशः मानला. फक्त अर्धा मानला. भावाकडे जायचं नाही, आणि प्रभुभोजनही घ्यायचं नाही. म्हणजे आज्ञा मोडली तरी दंड नको. देवाच्या आणि आपल्या मध्ये त्यांनी बांध घातला आणि बांधावर बसून राहिले. स्वतःच्या हाताने तुकडे करायचे, ताट घेऊन बाकाबाकाशी जायचं, म्हाताऱ्यांच्या हातात तुकडा नीट ठेवायचा, आणि आपली पाळी आली की मान खाली घालायची. पंच मागे बसतात म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पाळकसाहेबांना कळलं असणार, पण तेही नवे होते, आणि पंचाला कोण विचारणार?

मला कळलं ते ग्लासांवरून. रसाचे छोटे ग्लास धुवायला घरी यायचे. त्यात एक ग्लास भरलेला असायचा. आई तो न बोलता अंगणातल्या मोगऱ्याच्या मुळाशी ओतायची. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “तुझ्या वडिलांचा आहे.” बाकी काही नाही. मोगरा मात्र जोमात वाढला, आणि त्याचा वास मला आजतागायत सहन होत नाही.

आमच्या घरावर वीज पडली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण देवाचं न ऐकणाऱ्यांवर काय काय कोसळतं याचे किस्से मी लहानपणी पुष्कळ ऐकले होते. आमचा ऊस चांगला पिकला. मला नोकरी लागली, लग्न झालं, आणि नवऱ्याची बदली झाली तशी मी परत गावाजवळच आले. जे झालं ते फार हळू झालं. पप्पांनी गीत म्हणणं सोडलं. संध्याकाळी घरची प्रार्थना व्हायची, पण प्रभूच्या प्रार्थनेत जिथे आम्हीही आमच्या अपराध्यांना क्षमा केली असं म्हणायचं असतं, तिथे पप्पांना खोकला यायचा. रोज, त्याच ओळीला. माझा नवरा एकदा हसला. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की पुन्हा हसला नाही.

शनिवारचं काम तसंच चालू राहिलं. दुपारी मनुकांचा वास घरभर पसरायचा, आणि अधूनमधून कोपऱ्यावर सायकलची घंटी वाजायची. दोनदा. पप्पांची सुरी थांबायची. आई दाराकडे बघायची, मग पप्पांकडे. “पाववाला असंल,” पप्पा म्हणायचे आणि पुन्हा कापायला लागायचे. आमच्याकडे खारी-पाव विकणारे सायकलवरूनच यायचे, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. आईला वाटत असणार. पण तोवर तिने बोलणं सोडून दिलं होतं.

आई गेली तेव्हा मोठे बाबा मातीला आले. सगळ्यांच्या मागे उभे होते. शेवटी त्यांनी मूठभर माती टाकली आणि रांगेने सगळे पप्पांचा हात हातात घेत होते, त्या रांगेत येऊन उभे राहिले. मी पप्पांच्या शेजारीच होते. मोठ्या बाबांचा हात पुढे आला. आणि पप्पा वाकले. चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करून वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मोठ्या बाबांनी तो हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि निघून गेले. चपलेचा अंगठा धड होता. मला त्या क्षणी आईच्या जाण्यापेक्षा या गोष्टीचा राग आला, आणि तो राग आल्याबद्दल पुढे कित्येक दिवस स्वतःचाच संताप येत राहिला.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. मोठ्या बाबांना नगरला नेलं आणि ते परत आले नाहीत. देहही घरी दिला नाही. तिकडेच, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, अनोळखी माणसांनी पुरलं. मोठ्या आईलाही तोंड बघता आलं नाही. निरोप आला तेव्हा पप्पा ओट्यावर बसले होते. मी सांगितलं. ते म्हणाले, “माती कुनी दिली?” मी म्हटलं, कुणीच नाही, पप्पा, जाऊ देत नाहीत. ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताच्या तळव्याकडे बघत राहिले.

त्यानंतर पप्पांना घंटी ऐकू यायला लागली.

आता त्यांचे कान गेले आहेत, समोर तोंड करून मोठ्याने बोललं तरच समजतं. हाका मारून माझा घसा बसतो, दारात ट्रॅक्टर आला तरी कळत नाही. पण शनिवारी दुपारी, आईच्या जागी मी उकळत ठेवलेल्या मनुका उकळायला लागल्या की त्यांची मान वर व्हायची. “पाववाला आला बघ.” मी बाहेर जाऊन बघायचे. रस्ता रिकामा. पाववाला तर हल्ली मोटरसायकलवर येतो, पुढे भोंगा लावून, त्याला घंटीच नाही. मी येऊन सांगायचे, कुणी नाही. पप्पा म्हणायचे, “बरं,” आणि सुरी उचलायचे. पहिल्यांदा मला वाटलं वयाने होत असेल. डॉक्टरही म्हणाले, बहिऱ्या कानात असे आवाज येतात. पण डॉक्टरांना मी विचारू शकले नाही की ते फक्त शनिवारीच का येतात. त्या दुपारी मला त्या घरात पप्पांबरोबर एकटीला बसवेना. मी मुद्दाम भांड्यांचा आवाज करायचे.

एका शनिवारी मान वर झाली ती सुरी चालू असतानाच. सुरी ते डाव्या हाताने धरतात, उजव्या हाताचं बोट कापलं. चांगलंच खोल. पांढऱ्या तुकड्यांवर रक्त पडलं, ताटभर. मी धावले, हळद दाबली, फडकं गुंडाळलं. पप्पांचं बोटाकडे लक्ष नव्हतं. ते ताटाकडे बघत होते.

“आता हे कुनी खायाचं?” ते म्हणाले.

“टाकून देऊ. मी दुसरा ब्रेड आणते.”

“मला सांगितलं हुतं,” पप्पा म्हणाले. “जा म्हनून. स्पष्ट सांगितलं हुतं. आता कुटं जाऊ?”

आणि ते रडायला लागले. माझ्या वडिलांना मी आईच्या मातीलाही रडताना पाहिलं नव्हतं. दया आलीच, खोटं कशाला बोलू. पण दयेच्या आधी माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं दोन गल्ल्यांपलीकडे एक बाई बसली आहे, आणि हा माणूस विचारतोय कुठे जाऊ!

“उठा,” मी म्हटलं. “चप्पल घाला. मोठी आई जिवंत आहे अजून.”

ते उठले. फडकं गुंडाळलेला हात छातीशी धरून माझ्या मागे लहान मुलासारखे चालत आले.

मोठ्या आईचं घर पाटाच्या कडेला आहे. भिंतीला टेकून मोठ्या बाबांची सायकल उभी होती. टायर बसलेले, सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. पप्पा तिच्यापाशी थांबले ते पुढे येईनात. मोठी आई दारात आली. तिने पप्पांचं बोट पाहिलं, मग माझ्याकडे.

“या भावजी,” ती म्हणाली. “उनात नका उभं राहू.”

पप्पा उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले. “वहिनी, मी चुकलो,” ते म्हणाले. “मला माफ करा.”

मोठी आई आत वळली. तिने खाली पोतं अंथरलं, पाणी आणलं. पप्पा बसले तेव्हा तीही समोर बसली.

“ते यायचे की तुमच्याकडं,” ती म्हणाली. “तुमाला म्हाईत न्हाई. पैल्या शनवारी सायकल काढायचे. मी म्हनायचे, आत जावा ना सरळ. तर म्हनायचे, त्यानं मंडळीसमोर बोललंय, भाऊ न्हाई म्हनून. मी दारात गेलो अन् त्यानं दार लावलं तर त्याचं पाप वाढंल. मी कोपऱ्यावर घंटी वाजवतो, यायचा आसला तर येईल. वाजवायचे, थांबायचे, परत यायचे. आजारी पडायच्या आधीबी गेल्ते.”

पाववाला! मी इतकी वर्षं किती सहज मानलं होतं. मी पप्पांकडे बघितलं, आता यांना केवढा धक्का बसला असेल म्हणून. पप्पांना धक्का बसला नव्हता.

“मला ठावं हुतं, वहिनी,” ते म्हणाले.

“काय ठावं हुतं?”

“घंटी त्याचीच हाय म्हनून. मी वळखायचो.”

मोठी आई त्यांच्याकडे बघत राहिली. “मंग?”

“मंग काय. ब्रेड कापत बसायचो.”

पाटातून पाणी जात होतं, त्याचा आवाज येत होता. मोठी आई उठली, आत गेली. मला वाटलं आता ती बाहेर येणार नाही, आणि मी तिला दोष दिला नसता. पण थोड्या वेळाने ती चहा घेऊन आली. कप पप्पांच्या डाव्या हातात दिला, कारण उजव्याला फडकं होतं.

“भावजी,” ती म्हणाली, “मला जे लागलं हुतं ते मी सोडलं. प्रभूच्या नावानं सोडलं, मनापासून. पन त्यांचं जे हुतं ते त्यांच्यासंगं गेलं. ते मी कसं सोडू? ते माझं न्हाई.”

पप्पांनी मान हलवली. चहा प्यायले. निघताना त्यांनी सायकलच्या हँडलवर हात ठेवला, पण घंटीला बोट लावलं नाही.

मी त्याच संध्याकाळी श्रीरामपूरला जाऊन ताजा ब्रेड आणला आणि तुकडे स्वतः केले. रविवारी पाळकसाहेबांनी इशारा वाचला. मी मान वळवून मागच्या बाकाकडे बघत होते. चर्चमध्ये असं बघू नये, पण बघत होते. प्रभूच्या प्रार्थनेत ती ओळ आली. खोकला आला नाही. ताट फिरून शेवटी पंचांकडे गेलं, आणि पप्पांनी फडकं गुंडाळलेल्या हाताने एक तुकडा उचलला. तो तोंडापर्यंत न्यायला त्यांना इतका वेळ लागला की पाळकसाहेब थांबून राहिले. घरी ग्लास धुताना त्यात एकही भरलेला नव्हता. मी नळ सोडून तशीच उभी राहिले आणि आईची इतकी आठवण झाली की बस. मला वाटलं, संपलं एकदाचं.

पाळकसाहेब म्हणाले, क्षमा झाली. मीही तसंच मानते. पप्पांना रात्री झोप लागते, ते पुन्हा गुणगुणतात, आणि मोठ्या आईकडे दर आठवड्याला भाजी पोचवतात. माझी तक्रार देवाकडे नाही. तो त्याच्या शब्दाला जागला. पण दुसऱ्या महिन्यात पहिला शनिवार आला. मनुकांना उकळी फुटली, पप्पांची सुरी थांबली आणि मान वर झाली.

या वेळी मी बाहेर बघायला गेले नाही. पप्पांनी सुरी ताटात ठेवली, हात धुतले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. मी फाटकातून बघत होते. ते काठी टेकत कोपऱ्यापर्यंत गेले आणि विजेच्या खांबापाशी थांबले. रस्ता रिकामा होता, भर दुपारचा. ते बराच वेळ उभे होते, रस्त्याच्या एका बाजूला सरकून, दुसऱ्याला सायकल लावायला जागा ठेवावी तसे. मग परत आले.

आता ते दर पहिल्या शनिवारी जातात. त्या पहिल्या वेळी ते परत आल्यावर मी विचारलं होतं, “होतं का कुणी?”

“न्हाई,” पप्पा म्हणाले आणि पाटावर बसले. “पन बोलावल्यावर जायला पाहिजे.”